देवीचं आभाळ आणि टाकणखार

"कापड जळणार नाही असं करून द्याल का?" असं विचारत कुणी दुकानात आलं की मी त्याला आधी बाकावर बसवत असे आणि उलट विचारत असे, "जळू नये, की पेटू नये?" निम्मी गिऱ्हाइकं या प्रश्नालाच वैतागून उठून जात. उरलेल्यांना मी फरक समजावून सांगे. सुती कापड विस्तवात टाकलं तर ते जळणारच, ते ब्रह्मदेवाच्या बापालाही चुकवता यायचं नाही. पण कोपऱ्याला एक ठिणगी लागली म्हणून सगळं कापड भडकू नये, ठिणगी पडली तेवढीच जागा काळी व्हावी आणि आग तिथंच मरावी, एवढं मात्र माणसाच्या हातात आहे. आयुष्यभर मी तेवढंच केलं.

या दिवाळीला संपादकांनी कळवलं, की तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा. माझ्या धंद्यात गंमत झाली याचा अर्थ कुठंतरी काम बिघडलं, हे त्यांना कोण सांगणार? काम चोख झालं तर ते कुणाला दिसतसुद्धा नाही. अमक्या गावचा मंडप पेटला, ही बातमी होते. अमक्या गावचा मंडप पेटला नाही, हे सांगायला कुणी धावत येत नाही. तरी एक मंडप न पेटल्याची हकिगत माझ्यापाशी आहे आणि ती मी छाती पुढे काढून सांगणार आहे. संपादकांना पानं कमी पडली तर त्यांनी जाहिराती काढाव्यात.

मी जातीचा रंगारी, घराणं खानापूरचं. तरुणपणी काही वर्षं एका गिरणीत फिनिशिंग खात्यात होतो. विणून झालेलं कापड बाजारात जाण्याआधी त्याला खळ द्यायची, ताठ करायचं, चकाकी आणायची, थोडक्यात नवरीला नटवतात तसं नटवायचं, हे त्या खात्याचं काम. तिथल्या पिपांत काय काय असतं ते मी डोळे उघडे ठेवून पाहून घेतलं. मग खानापूरच्या पुढं रानात असलेल्या सुप्याला आलो, नदीकाठी छपरी घातली आणि रंगकाम सुरू केलं. चार वर्षं बरी गेली. पुढं जर्मन लढाई पेटली आणि जर्मन रंगाचे डबे येईनासे झाले. लुगडी रंगवायला आलेल्या बायका हात हलवत परत जाऊ लागल्या. तेव्हा मला गिरणीतली पिपं आठवली. त्यांतला टाकणखार, नवसागर, तुरटी हा सगळा माल आपल्याच बाजारात कासाराकडं आणि वैद्याकडं मिळत होता. त्याला लढाईची काही बाधा नव्हती.

औषध साधं आहे. गरम पाण्यात टाकणखार आणि नवसागर विरघळवायचा, कापड त्यात मुरवायचं, पिळायचं नाही, नुसतं निथळून उन्हात वाळवायचं. झालं. कापडाला आच लागली की टाकणखार लाहीसारखा फुगतो आणि धाग्यावर काचेसारखा लेप धरतो. नवसागराचा धूर होतो आणि तो ज्वाळेचा गळा आवळतो. या औषधाचे वाईट गुणही सांगून टाकतो. कापड पापडासारखं कडक होतं. लोखंडी कडी लागली तर तिथं गंज धरतो. गाईगुरांना त्या खाराची भारी चटक असते, त्यामुळं माझ्या वाळवणाभोवती काठी घेऊन बसावं लागे. आणि सगळ्यांत मोठा दोष म्हणजे हे औषध पाण्याला टिकत नाही. एकदा कापड पाण्यात बुचकळलं की आलेला खार आल्या वाटेनं निघून जातो आणि कापड पुन्हा पहिल्यासारखं पेटायला मोकळं.

माझी पहिली गिऱ्हाइकं म्हणजे उळवीच्या जत्रेला जाणारे गाडीवान. गाडीवर कापडाचं छत, छताला टांगलेला कंदील, खाली झोपलेली पोरंबाळं आणि सगळ्यांना घेऊन चाललेले बैल. छतं माझ्याकडून भिजवून घेतली तेव्हापासून त्यांच्या घरच्या बायका म्हणे निवांत झोपू लागल्या. याचा मला आजही अभिमान वाटतो.

दुसरं गिऱ्हाईक होतं जंगलखात्याचे रेंजरसाहेब. यांना आगीची भीती नव्हती, सुरकुत्यांची होती. पांढऱ्या विजारी घालून रानात हिंडायचं आणि संध्याकाळी बंगल्यावर परतताना विजार परीटघडीची दिसली पाहिजे, असा यांचा हट्ट. मी सांगून पाहिलं, की सुताला सुरकुती पडायचीच. पण साहेबांनी पिच्छा सोडला नाही. गिरणीतल्या केमिस्टकडून मी ऐकलं होतं, की दवाखान्यात असतं ते फॉर्मालिन थोड्या आम्लाबरोबर कापडाला देऊन तापवलं, तर कापड सुरकुती विसरतं. साहेबांना धोक्याची कल्पना दिली, त्यांनी हौसेनं एक जुनी विजार काढून दिली आणि आम्ही प्रयोग केला. काय सांगू! विजार चुरगाळून मुठीत धरली आणि सोडली, की जशीच्या तशी. साहेब खूश. दुसऱ्याच दिवशी ती घालून ते एका ओंडक्याची मोजणी करायला खाली वाकले आणि विजार दोन्ही गुडघ्यांवर आणि मागे, अशी तीन ठिकाणी एकदम फाटली. सुरकुती गेली होती, पण तिच्याबरोबर सुताचा जीवही गेला होता. साहेब दिलदार होते, स्वतःच ही गोष्ट सगळ्यांना सांगत सुटले. मी मात्र सुरकुत्यांचा नाद तिथंच सोडला.

आता मंडपाकडे येतो.

गुंदच्या पलीकडे, दिग्गीच्या वाटेवर, रानात एक कुणब्यांचं गाव आहे. तिथल्या देवीची जत्रा थंडी सरता सरता भरते. त्या गावात मंडपाचं कापड विकत आणत नाहीत. घरटी एक पट्टी द्यायची, आपल्या घरातल्या वापरातल्या कापडाची, आणि सगळ्या पट्ट्या शिवून एक भलं मोठं छत करायचं. त्याला ते देवीचं आभाळ म्हणतात. कुणाच्या लुगड्याचा पदर, कुणाचं धोतर, कुणाच्या बाळाचं दुपटं, सगळं त्या आभाळात. जत्रेला ते देवीवर चढतं, त्याच्याखाली दिवट्यांच्या उजेडात रात्रभर नाटक होतं आणि मग वर्षभर ते देवळाच्या माळ्यावर राहतं.

आदल्या वर्षीच्या जत्रेत वाऱ्यानं आभाळाची कड खाली आली, दिवटीला लागली आणि बघता बघता सगळं आभाळ जळून गेलं. माणसं वाचली, पण पळापळीत बरीच भाजली, पडली. गाव हबकलं. काही म्हणू लागले, देवीनं आमचं आभाळ झिडकारलं. सुप्याच्या महालकरी साहेबांनी, म्हणजे आमच्या महालाच्या सरकारी अंमलदारांनी, हुकूम काढला, की यापुढं कापडी मंडप नाही आणि रात्रीचं नाटकही नाही.

त्या गावच्या मुख्याला बुधवंत म्हणतात. सोमा बुधवंत माझ्याकडं आला तेव्हा त्याच्या खांद्यावर नव्या आभाळाचं गाठोडं होतं. लढाईमुळं कापड महाग झालेलं. तरी घरोघरी पुन्हा पट्ट्या निघाल्या होत्या. ज्यांच्याकडं जास्तीचं काही नव्हतं त्यांनी अंगावरच्या कापडातून फाडून दिलं होतं. सोमाच्या म्हाताऱ्या आईनं, पुतळीअज्जीनं, आपल्या लग्नातल्या लुगड्याचा पदर दिला होता.

"अण्णा," सोमा म्हणाला, "हे जळलं तर पुन्यांदा कापायला गावात कापड न्हाई. आनि जळलं तर कोन देनार बी न्हाई. मंग देवीवर आभाळ कायमचंच न्हाई."

मी त्याला घेऊन महालकऱ्यांकडे गेलो. गृहस्थ सावध होते, वाईट नव्हते. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "जत्रेच्या दिवशी मी स्वतः येईन. उजेड असतानाच माझ्या हातानं दिवटी लावून पाहीन. पेटलं नाही तर मंडपही करा आणि नाटकही करा. पेटलं तर पुन्हा या कामासाठी माझ्या दारात यायचं नाही." सोमानं माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावली. मानेला काय लागतं डोलावायला?

आभाळ मी जीव ओतून भिजवलं, वाळवलं आणि सोमाच्या हवाली करताना चारचारदा बजावलं, "याला पाणी लावायचं नाही. पाऊस नको, दंव नको, धुणं तर मुळीच नको." सोमानं ते कांबळ्यात गुंडाळून गाडीत घातलं. जत्रेच्या आदल्या दिवशी, अंधार पडल्यावर, मीही गावात पोहोचलो. पताका भिजवायच्या राहिल्या होत्या म्हणून टाकणखाराचं पोतं आणि नवसागर बरोबर घेतला होता.

जत्रेच्या दिवशी सकाळी देवळासमोरच्या खळ्यावर आभाळ पसरून ठेवलेलं होतं. मी तांब्या घेऊन निघालो होतो. समोरून एक तांबडी गाय आली, तिनं आभाळाच्या कडेला नाक लावलं आणि काही न करता पलीकडच्या पेंढ्याकडे निघून गेली.

माझ्या कापडाला आजवर एकाही गाईनं असं टाकलेलं नव्हतं. मी तांब्या तिथंच ठेवला आणि आभाळ हातात घेतलं. कडकपणा कुठं नावाला नव्हता. जुन्या लुगड्यासारखं मऊ लागत होतं आणि त्याला हळदीचा वास येत होता. कडेचा एक लोंबता दोरा तोडून मी चुलीतल्या निखाऱ्याला लावला. तो फुर्रकन जळून माझ्या बोटापर्यंत आला.

मी ओरडलो, "सोमा! कापड धुतलंत?"

सोमा पळत आला. "धुतलं? देवीशपथ न्हाई अण्णा. तुमी सांगितलासा नव्हं? दंव बी लागू दिलं न्हाई."

"मग हे मऊ कसं झालं?"

"ते व्हय?" त्याचा चेहरा खुलला. "ते बायकांनी काल देवीचं पानी दिलं."

"पाणी दिलं म्हणजे काय केलं?"

"नदीत बुचकळून काढलं. पर ते धुनं न्हवं अण्णा. पानी दिल्याबिगार आभाळ देवीवर चढत न्हाई. तसा रिवाजच हाय."

मी कपाळाला हात लावून खळ्यावर बसलो. मला आधी राग आला, मग राग कुणावर धरावा तेच कळेना. त्यानं माझा शब्द तंतोतंत पाळला होता. धुण्याला मी बंदी केली होती आणि धुणं कुणी केलंच नव्हतं. मग मला भीती वाटली. संध्याकाळी महालकरी दिवटी लावणार, आभाळ डोळ्यांदेखत जाणार आणि हा गाव उरलेल्या जन्मात देवीकडं मान वर करून पाहणार नाही. माझ्या दुकानाचं काय होईल हाही विचार आला, खोटं कशाला बोलू. पण खरं सांगतो, तो नंतर आला.

सोमाला सगळं समजावलं तेव्हा तो पांढराफटक पडला. "मंग पुन्यांदा औषिद लावा की अण्णा. पोतं हाय न्हवं तुमच्यापाशी?"

पोतं होतं. पताका बिनऔषधाच्या लावण्यापेक्षा न लावलेल्या बऱ्या, म्हणजे सगळा खार आभाळाला पुरला असता. ऊन लख्ख पडणार होतं, दुपारपर्यंत कापड वाळलं असतं. मी बाह्या सरसावल्या. तेवढ्यात मागून आवाज आला.

"हात लावशील तर बग त्याला!"

पुतळीअज्जी काठी टेकत येत होती. वाकलेली, पण आवाज असा की बैलानं जागीच थांबावं. "पानी दिल्यालं आभाळ हाय ते. तू रंगारी, तुजं हात चार गावच्या कापडात. तू हात लावलास की पुन्यांदा पानी द्याय लागंल."

"अज्जी, पुन्हा पाणी दिलं की औषध पुन्हा जाणार."

"जाऊ दे की मंग."

"गेलं की आभाळ पेटणार!"

"आनि पानी न देता चढवलं तर देवी घेनार न्हाई. मंग पेटलं काय आनि न्हाई पेटलं काय?"

दोघांचंही बरोबर होतं, हीच तर पंचाईत. मी औषध द्यायचं, त्यांनी ते नदीला द्यायचं, मी पुन्हा द्यायचं, त्यांनी पुन्हा. असं करत आम्ही पुढची जत्रा गाठली असती. भोवती बायका जमल्या. पुरुष सोमाच्या तोंडाकडं पाहू लागले आणि सोमा आईच्या. मी मुकाट्यानं त्या म्हातारीजवळ जाऊन खाली बसलो. गिरणीत आम्हांला एक गोष्ट शिकवली होती, की कापड बिघडलं तर शेवटच्या पाण्यात काय होतं ते आधी विचारा.

"अज्जी, देवीचं पाणी कसं देता ते मला नीट सांगाल का?"

असं तिला आजवर कुणी विचारलं नसावं. ती काठी बाजूला ठेवून बसली. "कसं म्हंजे? सवाशिणी उपाशी ऱ्हात्यात. नदीचं पानी पायजे. त्यात हळद घालायची, फुलं घालायची. आभाळ बुचकळायचं. पिळायचं न्हाई, देवीचं हाय ते. निथळून वाळवायचं."

मी ताडकन उठलो. पिळायचं नाही, निथळून वाळवायचं! हे तर माझंच औषध होतं, नुसतं पाण्यात औषध तेवढं नव्हतं.

"पाण्यात हळदीबरोबर मीठ घातलं तर चालेल?"

"मिठाला कसला इटाळ?"

मी पोत्यातून मूठभर टाकणखार आणून तिच्या तळहातावर ठेवला. "आणि हा?"

तिनं डोळ्यांजवळ नेऊन पाहिला, जिभेला लावला. "ह्यो टाकनखार न्हवं? लाही करून मधात घालून बारक्या पोरांच्या तोंडात फिरवत्यात. माज्या सगळ्या पोरांस्नी मी दिलाय."

"आणि हा नवसागर. कल्हईवाला देवीच्या भांड्यांना कल्हई करताना हाच लावतो."

मी हात जोडले. "अज्जी, मी आभाळाला बोटसुद्धा लावत नाही. लांब उभा राहतो. तुमच्याच सवाशिणींनी, तुमच्याच नदीच्या पाण्यात, हळद, फुलं आणि हे खार घालून पुन्हा एकदा पाणी द्यायचं. औषध मी देत नाही. पाणी तुम्ही देता. त्याच पाण्यातून औषध कापडात मुरेल."

अज्जीनं हातातला टाकणखार पदराला बांधला. मग काठी उचलली आणि बायकांवर खेकसली, "उबं काय ऱ्हायलासा? हंडं काढा!"

जत्रेच्या स्वयंपाकाचे हंडे रिकामे झाले. आचारी कुरकुरला, तर अज्जीनं त्याला विचारलं की तुझा भात मोठा का देवीचं आभाळ. देवळासमोर एकाच बुंध्यात कोरलेली लांब लाकडी डोण होती, जत्रेला आलेल्या बैलांना पाणी पाजायची. ती घासून घेतली. नदीचं पाणी हंड्यांत तापवून बायकांनी पोत्यातला टाकणखार त्यात विरघळवला आणि ते पाणी डोणीत ओतलं. मी दूर चिंचेखाली उभा राहून ओरडत होतो, "आणखी घाला! खडा राहता कामा नये! अगं ए, ढवळ की जरा जोरानं!" आयुष्यात इतका बिनहाताचा कारागीर मी कधी झालो नव्हतो.

मग अज्जीनं ओंजळभर हळद पाण्यात सोडली आणि पाणी तांबडं झालं.

बायकांच्या तोंडून एकदम "अगं बया!" निघालं. दरवर्षी पिवळं होणारं पाणी कुंकवासारखं लाल दिसत होतं. एक जण तर डोणीपुढं डोकं टेकून मोकळी झाली. मी सांगायला तोंड उघडलं, की हळदीला खार लागला की ती तांबडी होतेच, कुंकूसुद्धा तसंच करतात. अज्जी माझ्याआधीच म्हणाली, "कुकू असंच हुतंय गं, हळदीला टाकनखार लावून. देवीनं औंदा हळदीचं कुकू मागितलंय, दुसरं काय?" माझी रसायनविद्या आणि तिची भक्ती एकाच वाक्यात बसली होती. मी नवसागर मागाहून घालायला लावला आणि आभाळ पाण्यात उतरलं.

वाळवायला बायका शेतात गेल्या. कापलेल्या भातशेतात धसकटांवर बांबू आडवे टाकले आणि त्यांवर आभाळ अंथरलं. पिवळट पट्ट्या आता केशरी-तांबड्या दिसत होत्या. ऊन चढलं. कापड कडक होऊ लागलं, पण खार पुरेसा मुरला की नाही, याची माझ्या मनाला खात्री नव्हती. हंड्यातलं पाणी कमी-जास्त झालं असेल, एखादी कड कोरडी राहिली असेल. जवळ जाऊन हातानं पाहायची मला बंदी होती.

तेवढ्यात सकाळची ती तांबडी गाय बांधावरून खाली उतरली. तिनं आभाळाला नाक लावलं, थांबली, आणि जीभ बाहेर काढून खसाखसा चाटायला लागली. बायका काठ्या घेऊन धावल्या.

"मारू नका!" मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. "चाटू द्या तिला! दुसऱ्या कडेला न्या! तिकडंही चाटते का बघा!"

रंगाऱ्याला ऊन लागलं असंच सगळ्यांना वाटलं असणार. पण सोमा हुशार, त्याच्या लगेच ध्यानात आलं. गाईच्या गळ्यात दावं टाकून त्यानं तिला चारही बाजूंनी फिरवलं. गाय चारही बाजूंनी चाटत गेली. मी बांधावरच बसलो आणि मला रडू आलं. माणसांसमोर रडायची मला लाज वाटत नाही, कारण सोमाही रडत होता.

उन्हं कलली तसे महालकरी घोड्यावरून आले. आभाळ देवीवर चढलेलं होतं, वाऱ्यानं पापडासारखं खडखडत होतं. साहेबांनी वर पाहिलं, दिवटी पेटवायला सांगितली आणि मला जवळ बोलावलं.

"हे जळणार नाही ना?"

"जळेल साहेब. पेटणार नाही."

त्यांनी भुवया वर केल्या आणि दिवटी कडेला लावली. कापडातून पांढरा धूर निघाला. डाग काळा झाला, वाढत वाढत तळहाताएवढा झाला, त्याच्या कडेनं तांबडी रेघ धुमसू लागली. साहेबांनी दिवटी बाजूला केली. तांबडी रेघ एकदा लकाकली आणि विझली. वर आभाळाला एक भोक पडलं होतं आणि त्यातून खरं आभाळ दिसत होतं.

साहेबांनी दुसऱ्या ठिकाणी लावली. तिथंही तेच झालं. तिसऱ्या ठिकाणी शिवणीवर धरली, चांगली हात भरून येईतो धरली. पुन्हा धूर, पुन्हा डाग, पुन्हा विझलं. ते चौथी जागा शोधायला लागले, तशी गर्दीतून काठी आपटल्याचा आवाज आला.

"पुरे की सायेब! आमच्या आभाळाची चाळण करतासा काय?"

आधी साहेब हसले. मग सगळा गाव हसला आणि हसता हसता ओरडायला लागला. ढोल कुणी वाजवायला घेतला ते कळलंच नाही. सोमानं मला खांद्यावर उचललं. माझं वजन तेव्हाही कमी नव्हतं. देवीसमोर नेऊन त्यानं मला उतरवलं आणि पुतळीअज्जीनं माझ्या कपाळाला डोणीतल्या तांबड्या पाण्याचं बोट ओढलं. रंगाऱ्याला हात लावला म्हणून तिला पुन्हा अंघोळ करावी लागली असेल तर तिनं ते मला सांगितलं नाही.

महालकरी नाटकाला थांबले. गादीवर बसून वर पाहत मला म्हणाले, "काम पक्कं आहे हो तुमचं. पण कापडाला सुरकुत्या फार दिसतात."

"त्याच्यावरही औषध आहे साहेब," मी म्हटलं, "पण आधी रेंजरसाहेबांना विचारून घ्या." ते इतके हसले की नाटकाची नांदी कुणाला ऐकू आली नाही.

पुढच्या वर्षी सोमा सुप्याला आला तो नुसता टाकणखार आणि नवसागर न्यायला. भिजवण्याचं काम मला मिळालं नाही, ते आता सवाशिणींचं झालं होतं. एक चांगलं गिऱ्हाईक मी स्वतःच्या तोंडानं घालवलं. जरा चुटपुट लागली, नाही असं नाही. नंतर तोही येईनासा झाला. खार ते कल्हईवाल्याकडूनच परस्पर घेऊ लागले असावेत. मी दुकान आवरलं, खानापूरला परतलो आणि त्या गावाची वाट कित्येक वर्षं तुटली.

मागच्या जत्रेला मात्र मुद्दाम गेलो. सोमा नाही, अज्जी तर कधीच गेली. मला ओळखणारं कुणी नव्हतं. शेतात बांबूंवर आभाळ वाळत होतं, केशरी-तांबडं. मधोमध जुन्या लुगड्याचा एक विटका पदर होता आणि आभाळाच्या कडेकडेनं काळ्या डागांची तीन भोकं, कुणी न रफू केलेली. भोवती सगळा गाव गोल उभा होता. मला वाटलं, कशाची वाट पाहतात?

तेवढ्यात वाजंत्री लावून एक गाय आणली. शिंगं रंगवलेली, कपाळावर कुंकू. तिला आभाळाजवळ आणून सोडलं. सगळ्यांनी हात जोडले. गाईनं नाक लावलं, वास घेतला आणि जीभ काढून चाटू लागली. तसा ढोल कडाडला, बायकांनी तांदूळ उधळले आणि गाईला चारही बाजूंनी फिरवायला सुरुवात झाली.

माझ्या शेजारी एक तरुण सून उभी होती. मी तिला विचारलं, "हा कसला रिवाज?"

"देवीनं आभाळ घेतलं का न्हाई ते गाय सांगती," ती म्हणाली. "लई जुना रिवाज हाय, पयल्यापास्नं."

"आणि एखाद्या बाजूला गाईनं चाटलंच नाही तर?"

"मंग ती बाजू पुन्यांदा पान्यात घालायची," ती म्हणाली, "आनि खार जरा ज्यास्त टाकायचा." मग माझ्याकडं निरखून बघत तिनं विचारलं, "आजोबा, तुमी हिकडं नवीन दिसतासा?"

मी म्हटलं, "व्हय बाई, नवीनच." आणि दोन्ही हात जोडले.